मदत हवी: पदवीधर निवडणुकीचा फेरीनिहाय मतमोजणी तक्ता

मंडळी, सोसायटीतल्या मतदारांसाठी एक माहितीपत्रक करतोय. विधानसभेचं सोपं आहे: एक मत, ज्याला जास्त तो आमदार. महापालिकेत चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड प्रत्येक जागेला एकेक मत. चारही मतं एकाच गटात टाकता येत नाहीत.

खरी गोची पुणे पदवीधर मतदारसंघाची (विधान परिषदेची जागा, मतदार फक्त पदवीधर). तिथे मतपत्रिकेवर केंद्रात दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. बरोबरची खूण केली, 'एक' असं अक्षरी लिहिलं किंवा दोघांपुढे १ लिहिला की मत बाद. (सवयीने खूण करणारे शिकलेलेच जास्त!) १ लिहून २ गाळला आणि थेट ३ लिहिला, तर मत वैध, पण पुढे हस्तांतरित होत नाही. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, वैध मतांच्या निम्मे अधिक एक. तो कुणी गाठला नाही, तर तळचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात.

मतमोजणीला बसलेलं कुणी आहे का इथे? बाद उमेदवारांची मतं कशी वळली आणि किती 'संपली' (पुढची पसंतीच नसल्याने कुणाकडे गेली नाहीत), हे दाखवणारा एखादा जुना फेरीनिहाय तक्ता हवाय. कुठल्याही वर्षाचा चालेल, फक्त आकडे वाचता यावेत.