इंग्रजी शब्द मुळांवरून शिकायचे आहेत, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतोय, पण आठ दिवसांत सगळं पुसलं जातं. मुळं आणि उपसर्ग शिका, असं बरेच जण सुचवतात. मला लॅटिन-ग्रीकचा गंध नाही. तरी जमेल का? आधी कोणती मुळं घेऊ?

प्रतिसाद १
नक्की जमेल, लॅटिन यायची गरज नाही. शाळेतलं संस्कृत आठवा. ‘हृ’ या एकाच धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार झाले. इंग्रजीचंही तसंच आहे. ‘रप्ट’ म्हणजे तुटणं. मग इंटरप्ट म्हणजे बोलणं मध्येच तोडणं, इरप्ट म्हणजे फुटून बाहेर येणं, अब्रप्ट म्हणजे तुटल्यासारखं अचानक. करप्टसुद्धा त्याच कुळातला! स्पेक्ट (पाहणं), पोर्ट (वाहून नेणं), डिक्ट (बोलणं), स्क्रिप्ट (लिहिणं) यांनी सुरुवात करा. पण मुळांचीच यादी घोकत बसू नका, नाहीतर पुन्हा तेच होईल. वाचताना शब्द अडला की तिथेच तो फोडून बघा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त एक धोका सांगते. फोड करून आलेला अर्थ हा अंदाज असतो, तो शब्दकोशात ताडून पाहायलाच हवा. ‘इन’ दिसला की नकार, असं धरलंत तर इन्फ्लेमेबलला ‘न पेटणारा’ म्हणाल. प्रत्यक्षात तो चटकन पेट घेणारा! पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय. पीडिॲट्रिशियनमधला ग्रीक, म्हणजे मूल.
शिवाय गेट, पुट, टेक असले रोजचे शब्द जर्मानिक वळणाचे, म्हणजे लॅटिन-ग्रीकचे नव्हे, तर इंग्रजीच्या स्वतःच्या भाषाकुळातले. पुट ऑफ, टेक आफ्टर यांचे अर्थ मुळांवरून लागत नाहीत, ते वाक्यांतूनच मुरतात.

धागाकर्ता
इन्फ्लेमेबलचं माहीतच नव्हतं! व्युत्पत्ती कुठे बघता?

प्रतिसाद २
ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, संकेतस्थळावर फुकट बघता येते. मेरियम-वेबस्टरच्या ऑनलाइन कोशातही व्युत्पत्ती असते.

प्रतिसाद १
आणि हो, इलीगल, इम्पॉसिबल, इर्रेग्युलर या तिन्हींत ‘इन’च आहे. पुढच्या अक्षरामुळे रूप बदललं, आपल्या संधीसारखं. हे कळलं की स्पेलिंगमधली दोन एल, दोन आर यांची जोडीही चुकत नाही.