दोन राष्ट्रांचा तोडगा: अजून शक्य आहे की नुसतं बोलण्यापुरतं उरलंय?

खडूफळा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतेय. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली, त्याच महिन्यात युनोच्या आमसभेत दोन राष्ट्रांच्या (इस्रायल आणि शेजारी स्वतंत्र पॅलेस्टाईन) बाजूने १४२ मतं पडली, भारताचंही त्यात होतं. आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी इस्रायलने जेरुसलेमच्या पूर्वेला ई-वन भागात तीन हजारांवर घरं बांधायला मंजुरी दिली आणि त्यांचे अर्थमंत्री स्मोट्रिच तर उघडच म्हणाले की याने पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच गाडली जाणार आहे. म्हणजे कागदावर एक आणि जमिनीवर भलतंच.

मला "चूक कोणाची" हा वाद नकोय, तो इतर धाग्यांवर भरपूर झालाय. प्रश्न एवढाच की दोन राष्ट्रं व्हायचीच असतील तर नेमकं काय करावं लागेल, आणि ते होण्यासारखं राहिलंय का? की सगळे देश दुसरं काही सुचत नाही म्हणून तेच तेच म्हणताहेत?

नकाशेप्रेमी:
ताई, काय करायचं हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे, मजा तिथेच आहे. डिसेंबर २००० मध्ये क्लिंटनने अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून जाता जाता जी चौकट मांडली, २००३ चा जिनिव्हा आराखडा (हा सरकारी नव्हता, इस्रायलचे माजी मंत्री योसी बेलिन आणि पॅलेस्टिनी माजी मंत्री यासेर अबेद रब्बो यांनी मिळून केला होता) आणि २००८ ची तेव्हाचे इस्रायली पंतप्रधान ओल्मर्ट यांची ऑफर, तिन्ही शेजारी ठेवून वाचा, फार फरक नाही. १९६७ च्या युद्धाआधीची ग्रीन लाइन ही मूळ सीमा, तिला लागून वेस्ट बँकेत (त्या युद्धात इस्रायलने घेतलेला जॉर्डन नदीपर्यंतचा भाग) इस्रायलींनी वसवलेल्या मोठ्या वसाहती इस्रायलकडे, बदल्यात इस्रायलने आपल्या हद्दीतली जमीन द्यायची, जेरुसलेम दोघांची राजधानी, नव्या राष्ट्राला मोठं सैन्य नाही, आणि पॅलेस्टिनी निर्वासितांपैकी बहुतेकांनी नव्या पॅलेस्टाईनमध्ये किंवा दुसऱ्या देशात वसायचं, इस्रायलमध्ये अगदी थोड्यांनी.

ओल्मर्टने तर साधारण ६.३ टक्के वेस्ट बँक ठेवून ५.८ टक्के परत देतो म्हटलं होतं, वर गाझाला जोडणारा रस्ता. नकाशा पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बासना दाखवला पण सोबत नेऊ दिला नाही, त्यांनी नंतर आठवून हाताने काढला!! आणि हे सगळं कधी, तर ओल्मर्टने भ्रष्टाचाराच्या चौकशांपायी राजीनामा जाहीर केल्यावर. अब्बासनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, डिसेंबरात गाझात युद्ध पेटलं, पुढच्या वर्षी नेतन्याहू आले, विषय संपला.

आता अडचणीचा मुद्दा. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यात ओस्लो करार झाला त्या १९९३ साली पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये साधारण एक लाख सेटलर (वसाहतींत राहणारे इस्रायली) होते, आता पाच लाखांच्या आसपास आहेत, पूर्व जेरुसलेममधले दोन लाखांवर वेगळे. पण सगळे सारखे नाहीत हे लक्षात घ्या. मोदीइन इलित, बेतार इलित या सगळ्यात मोठ्या वसाहती हरेदी (अतिकर्मठ ज्यू) लोकांच्या आहेत, स्वस्त घरं म्हणून गेलेले, आणि दोन्ही ग्रीन लाइनला चिकटून, त्या जमिनीच्या अदलाबदलीत सहज बसतात. डोकेदुखी आहे ती आत डोंगरात नाब्लुसभोवती इत्झार, इतामारसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांची, देवाने दिलेली जमीन म्हणून राहणारे हे लोक. कुठलाही नकाशा घेतला तरी हलवावे लागणारे लाखाच्या वरच भरतात. २००५ मध्ये गाझातून आठएक हजार सेटलर हलवताना इस्रायलला घाम फुटला होता, त्यावरून अंदाज करा.

सडेतोड:
नकाशेराव, नकाशा बरोबर आहे पण तुम्ही साधा इस्रायली मतदार विसरलात. त्याच्या नजरेने बघा ना. ओस्लोनंतर बसमध्ये आत्मघाती स्फोट सुरू झाले, ओस्लो करणारे पंतप्रधान राबिन यांना नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांच्याच एका कट्टर ज्यू माणसाने मारलं, पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हमासने स्फोटांची रांगच लावली आणि मे महिन्याच्या निवडणुकीत राबिननंतरचे पंतप्रधान पेरेस एक टक्क्याहून कमी फरकाने पडले. २००० मध्ये कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली आणि दोन महिन्यांत दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव). २००५ मध्ये गाझा सोडला तर दोन वर्षांत तिथे हमासची सत्ता आणि रॉकेटं. आणि मग ७ ऑक्टोबर २०२३, सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले, आणि त्यात मारल्या गेलेल्या सीमेजवळच्या किबुत्झमधल्या (सामूहिक वस्त्यांमधल्या) लोकांत शांततेसाठी काम करणारेही होते. आता त्या मतदाराला सांगा की गाझा सोडला तशी वेस्ट बँक पण सोडू या, जिथून डोंगरावरून खाली तेल अवीव आणि विमानतळ दिसतो. जुलै २०२४ ला नेसेटने (इस्रायलची संसद) पॅलेस्टिनी राष्ट्राविरुद्ध ठराव केला तो ६८ विरुद्ध ९ मतांनी, त्यात नुसते नेतन्याहूचे लोक नव्हते, विरोधातल्या बेनी गांत्झचा पक्षही होता. त्यामुळे सरकार बदललं की सगळं बदलेल असं कोणी समजू नये.

आडवाट:
सडेतोड, बसमधले स्फोट खरे आहेत पण सुरुवात अर्धवट सांगितलीत. फेब्रुवारी १९९४ मध्ये वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या मशिदीत गोल्डस्टाईन नावाच्या सेटलरने नमाज पढणारी २९ माणसं मारली, हमासचे बसमधले मोठे हल्ले त्याच्यानंतरचे. आणि गाझा "सोडला" म्हणजे काय, हवाई हद्द, समुद्र, बहुतेक सीमा सगळी इस्रायलच्या ताब्यात, शिवाय अब्बासशी वाटाघाटी न करता एकतर्फी बाहेर पडले, म्हणजे श्रेय कोणाला गेलं तर बंदुकवाल्यांना. बोलून मिळत नाही, मारून मिळतं, हा धडा शिकवला कोणी? आणि आता गाझाच्याच आरोग्य मंत्रालयाच्या आकड्याने साठ हजारांच्या वर माणसं गेल्यावर तिथल्या पोरांना ग्रीन लाइन समजावून सांगायला कोण जाणार आहे देव जाणे.

वेस्ट बँकेत पण तेच. ओस्लोने ए, बी, सी असे भाग पाडले, ते पाच वर्षांपुरते होते. सी म्हणजे साधारण ६० टक्के जमीन, पूर्ण इस्रायली ताबा, तिथे पॅलेस्टिनी माणसाला घर बांधायचा परवाना जवळजवळ मिळतच नाही, मग विनापरवाना म्हणून घर पाडतात. पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा (अब्बास यांचं वेस्ट बँकेतलं मर्यादित सरकार) कस्टम कर इस्रायल गोळा करतं आणि मनात येईल तेव्हा अडवून ठेवतं, मग शिक्षकांचे पगार अर्धे. अशा प्राधिकरणाला लोक मानतील कसे? (अब्बास स्वतःही काही कमी नाहीत, जानेवारी २००५ ला चार वर्षांसाठी निवडून आले ते अजून आहेतच, नव्वदी गाठली. २०२१ ला निवडणूक जाहीर केली आणि पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देत नाहीत म्हणून पुढे ढकलली, खरं कारण अब्बासच्या फतह पक्षातच फूट पडली होती आणि त्याच पक्षाचे नेते मारवान बर्गुती इस्रायलच्या तुरुंगातून वेगळी यादी देत होते.)

खडूफळा:
वाचतेय, धन्यवाद सगळ्यांना. एक शंका, ओस्लोत पॅलेस्टिनी राष्ट्र असं लिहिलेलंच नव्हतं हे खरं का? आणि दोन राष्ट्रं जमत नसतील तर एकच देश का नाही, सगळ्यांना मत?

नकाशेप्रेमी:
हो खरं आहे, कुठेच नाही. राबिन ऑक्टोबर १९९५ मधल्या नेसेटच्या भाषणातसुद्धा राष्ट्राहून कमी असं काहीतरी म्हणाले होते.

एका देशाबद्दल म्हणाल तर जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत आज साधारण ७० लाख ज्यू आणि तितकेच पॅलेस्टिनी आहेत. सगळ्यांना मत दिलं की ज्यू राष्ट्र राहत नाही, न दिलं तर लोकशाही राहत नाही. म्हणून तर ओल्मर्टसारखा लिकुडमध्ये (नेतन्याहूंचा उजवा पक्ष) वाढलेला माणूस जमीन द्यायला निघाला, पॅलेस्टिनींच्या प्रेमापोटी नव्हे. मला स्वतःला त्यातल्या त्यात पटतं ते कॉन्फेडरेशन, दोन राष्ट्रं पण सीमा खुली, सेटलर पॅलेस्टाईनमध्ये परदेशी रहिवासी म्हणून राहू शकतील आणि तितक्या पॅलेस्टिनींना इस्रायलमध्ये राहता येईल, मत आपापल्या देशात. दोन्हीकडचे काही लोक मिळून ही चळवळ चालवतात. लाखभर माणसं उचलायचा प्रश्नच येत नाही.

सडेतोड:
खुली सीमा? ७ ऑक्टोबरनंतर? इत्झारवाले पॅलेस्टिनी पोलिसांचं ऐकतील?

नकाशेप्रेमी:
आज नाही ऐकणार. पण आज तर काहीच होणार नाहीये, प्रश्न आज दार बंद होतंय का हा आहे. म्हणून मी भाषणं आणि मान्यता बघत नाही, ई-वन बघतो. ते बांधलं की रामल्ला आणि बेथलेहेमच्या मधोमध वसाहतींची पट्टी उभी राहते आणि पूर्व जेरुसलेम बाकी वेस्ट बँकेपासून जवळपास तुटतं, मग राजधानी कुठे ठेवणार? नोव्हेंबर २०२५ ला सुरक्षा परिषदेने गाझाचा ठराव केला त्यातही भाषा अशी, प्राधिकरणात सुधारणा झाल्या, गाझा उभा राहिला, की राष्ट्राकडे जाणाऱ्या वाटेसाठी परिस्थिती तयार होऊ शकेल. तारीख नाही, सीमा नाही, वसाहती थांबवा असंही नाही.

आडवाट:
आणि ती सुधारणा म्हणजे निवडणूक आलीच. लोकांनी बर्गुतीला निवडलं तर? पाच जन्मठेपा भोगतोय तो इस्रायलच्या तुरुंगात, आणि बहुतेक पाहण्यांत अब्बासच्या पुढे असतो. बोलणी करायला तुरुंगात जाणार का कोणी?