कूबर पेडीच्या वाटेवर किराणा कुठे भरायचा?

ब्लॅकटाउन, सिडनीहून

नमस्कार मंडळी,

जुलैच्या सुट्टीत आम्ही सहाजण गाडीने निघतोय. सिडनी, मिल्ड्यूरा, अ‍ॅडलेड, मग साउथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं कूबर पेडी गाव आणि तिथून उलुरूचा प्रचंड खडक. दोन मुलं आहेत, शिवाय सासू-सासरे भारतातून आलेत. सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, त्यामुळे जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. दोघंही शाकाहारी. माझं म्हणणं, पंधरा दिवसांचा किराणा आणि भाजी इथूनच भरून घ्यावी, म्हणजे वाटेत अडायला नको. ह्यांचं म्हणणं, वाटेत गावं आहेत, दुकानं आहेत, एवढं कशाला लादायचं? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

अ‍ॅडलेडहून

ताई, नमस्कार.

मी सहा वर्षं रॉक्सबी डाउन्सला खाणीत नोकरी केली. त्या काळात कूबर पेडीला बऱ्याचदा जाणं झालं. तुमचं आणि यजमानांचं, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

भाजी आणि फळं सिडनीहून आणू नका. मिल्ड्यूरा सोडून साउथ ऑस्ट्रेलियात शिरलात की रेन्मार्कच्या अलीकडे यांबाचा तपासणी नाका लागतो. फळमाशी पसरू नये म्हणून तिथे गाडी तपासतात. फळं, टोमॅटो, मिरच्या सगळं काढून ठेवावं लागतं. त्या भागाला रिव्हरलँड म्हणतात, तिथल्या संत्र्या-द्राक्षांच्या बागांवर कितीतरी घरांचं पोट आहे. नाक्यावरची माणसं कडक वागतात ते योग्यच आहे.

डाळ, तांदूळ, पिठं, मसाले घरून घ्या. भाजी-दुधासारखा ताजा बाजार पोर्ट ऑगस्टाला करा. अ‍ॅडलेडपासून साधारण ३०० किलोमीटरवर आहे आणि दोन्ही मोठी सुपरमार्केटं तिथे आहेत. त्यानंतर स्टुअर्ट हायवेवर त्या तोडीचं दुकान थेट अ‍ॅलिस स्प्रिंग्जला, म्हणजे बाराशे किलोमीटर पुढे.

पोर्ट ऑगस्टाहून पिंबा १७० किलोमीटर, तिथून ग्लेनडँबो आणखी ११० च्या आसपास. आणि ग्लेनडँबो ते कूबर पेडी हा अडीचशे किलोमीटरचा टप्पा असा की मध्ये ना पेट्रोल, ना दुकान, ना नळ. टाकी अर्धी असली तरी ग्लेनडँबोला भरून घ्या, दर बघून पुढे जाऊ नका. प्यायला आणि रांधायला माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरा आणि दोन दिवसांचं नेहमी शिल्लक ठेवा. तुम्ही सहाजण, म्हणजे साठ लिटर. ते वीस-वीस लिटरच्या तीन कॅनमध्ये भरा. एकच मोठा कॅन घेतला आणि तो फुटला, तर सगळंच गेलं.

आता कूबर पेडी. वस्ती दीड हजाराच्या आसपास, बरेच लोक टेकड्यांच्या पोटात कोरलेल्या घरांत राहतात. गावात सुपरमार्केट आहे, चांगलं आहे, पण माल येतो तो ट्रकने, शेकडो किलोमीटरवरून. ट्रक लागल्या दिवशी पालक, मशरूम सगळं दिसतं. तीन-चार दिवसांनी जा, कोबी, गाजर आणि कांदे-बटाटे उरलेले असतात. जानेवारी २०२२ मध्ये अतोनात पाऊस झाला, रेल्वेचे रूळ वाहून गेले, स्टुअर्ट हायवे बंद पडला, तेव्हा हवाई दलाच्या विमानाने गावाला अन्नधान्य पोचवावं लागलं होतं.

एक प्रसंग सांगतो. त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. पाऊस होऊन ट्रक तीन दिवस लांबला होता. मी दुकानात होतो. समोरच्या प्रवाशाने दूध पावडरीची होती नव्हती ती सगळी पाकिटं ट्रॉलीत टाकली, आठ-नऊ असतील. पाठोपाठ एक तरुण आई आली, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर. रिकाम्या फळीकडे तिने पाहिलं, मग त्या ट्रॉलीकडे पाहिलं, आणि काही न बोलता निघून गेली. त्या माणसाला काही कळलंच नाही. मी दोन पावलांवर होतो आणि मीही बोललो नाही, ते मला अजून लागून राहिलंय. तुम्ही दुसऱ्या दिवशी तीनशे मैल पुढे गेलेल्या असाल. तिला पुढच्या ट्रकपर्यंत त्याच फळीवर भागवायचं असतं.

म्हणून दूध पावडर, ब्रेड, बाळाचं सामान पोर्ट ऑगस्टाहूनच घेऊन जा. पण गावातून अगदी काहीच घ्यायचं नाही, असंही करू नका. चार वस्तू तिथल्या दुकानातून घ्या. दर शहरापेक्षा चढे दिसतील, पण त्यात ट्रकचं डिझेल आहे, आणि गिऱ्हाईक टिकलं तरच दुकान टिकतं. पाणीही जपून वापरा. तिथलं पाणी बोअरचं, शुद्ध करून पुरवलेलं असतं.

जाता जाता एक. हायवे नव्हता तेव्हा या मुलखात आटा, चहा, साखर उंटांवरून जायची. १८६५ च्या अखेरीस पोर्ट ऑगस्टाला शंभरावर उंट आणि त्यांचे उंटवाले उतरले, ते कराचीहून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मुलांना हे जरूर सांगा. त्याच बंदराच्या गावात तुम्ही पिशव्या भरणार आहात.

---

मेलबर्नहून

काकांनी वाटेचं सगळं सांगितलंच आहे. मी स्वयंपाकाचं तेवढं लिहिते. आम्ही दोनदा जाऊन आलो.

तीन लिटरचा कुकर घ्याच. गॅस आणि पाणी, दोन्ही वाचतं. भाजणी, मेतकूट, सुक्या खोबऱ्याची चटणी, आणि मटकी भरपूर. ताज्या भाजीची चिंता मटकी मिटवते. रात्री मुक्कामाला भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या पंचात बांधायची आणि ते गाठोडं मागच्या सीटखाली ठेवायचं. जुलैत बाहेर गारठा असतो, पण दिवसभर गाडीच्या काचांतून ऊन येतं, आत ऊब राहते. संध्याकाळपर्यंत टोक फुटतं, दुसऱ्या दिवशी नखाएवढे मोड. पंचा दुपारी एकदा ओंजळभर पाण्याने शिंपडायचा, बस्स. ग्लेनडँबोच्या पुढे जिथे हिरवं पान दिसत नाही तिथे आम्ही उसळ खाल्ली आहे. सासूबाईंच्या पथ्यालाही बरी.

त्यांचं इन्सुलिन एस्कीत, म्हणजे बर्फाच्या पेटीत ठेवाल, तेव्हा बर्फाला थेट चिकटू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवा. सगळी औषधं मुक्कामाच्या दिवसांच्या दुप्पट घ्या आणि दोन पिशव्यांत वाटून ठेवा. ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये हव्यात, डिकीत नकोत.

---

ब्लॅकटाउन, सिडनीहून

काका, काकू, परवा सुखरूप परतलो. तुमचे खूप खूप आभार.

यांबाला आमच्याकडून एक लिंबू निघालं, सासऱ्यांच्या कोटाच्या खिशातून. प्रवासात जीव मळमळतो म्हणून घरून ठेवलं होतं, ते स्वतःही विसरले होते. त्यांनीच ते काढून दिलं.

पोर्ट ऑगस्टाला दीड तास मोडला. दूध पावडर, दोन कोबी, फ्लॉवर, भोपळा, दही. ग्लेनडँबोला टाकी निम्म्याहून जास्त होती, तरी भरली. पुढे समोरून येणारा वारा एवढा होता की कूबर पेडीला काटा आमच्या अंदाजापेक्षा बराच खाली आला होता. न भरता गेलो असतो तर शेवटचे पन्नास किलोमीटर जीव मुठीत धरून काढावे लागले असते.

कूबर पेडीच्या दुकानात गेलो तेव्हा ट्रक यायचा होता. भाजीच्या फळीवर गाजरं, थोडं आलं आणि सहा वांगी. सासूबाईंनी सहाही उचलली, मग मी काकांची मेल सांगितली. त्यांनी दोन ठेवून घेतली आणि चार एकेक करून परत ठेवली, देठ एका बाजूला करून, नीट. त्या दोन वांग्यांचं भरीत जमिनीखालच्या खोलीत झालं, आणि मटकीची उसळ. मुलांना मोड आलेले दाणे मोजायचे होते, म्हणून जेवण अर्धा तास लांबलं. सासूबाईंना तेवढ्यात आधी एक भाकरी दिली.

वीस लिटरचे तिन्ही कॅन धुऊन वाळवून गॅरेजमध्ये ठेवलेत, एस्की आणि कुकरही आहे. सप्टेंबरच्या सुट्टीत कोणी निघणार असेल तर या ई-मेल यादीवर कळवा आणि येऊन घेऊन जा. कुकरची शिटी मात्र कूबर पेडीतच राहिली आहे, ती तुमची तुम्हाला आणावी लागेल.