मदत हवी आहे: तालुका भरलेला असेल तरच तालुका बघून गावाच्या नावावर जॉइन कसा करायचा?

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशोबाचं काम बघतो. डेटाबेस मायएसक्यूएल ८ आहे. 'पावती' टेबलात मुनीमजी गावाचं नाव हातानं टाकतात: कधी 'पिंपळगाव', कधी 'मु. पिंपळगाव', कधी 'पिंपळगाव बु.' तालुका बऱ्याचदा रिकामाच. दुसरं टेबल 'गावे', त्यात नाव आणि तालुका. दोन्ही जोडायला मी असं लिहिलं (प म्हणजे पावती, ग म्हणजे गावे; कीवर्ड देवनागरीत लिहितोय, समजून घ्या):

लेफ्ट जॉइन गावे ग ऑन प.गाव लाइक कॉन्कॅट('%', ग.नाव, '%')
व्हेअर ग.तालुका = प.तालुका

तालुका नसलेल्या सगळ्या पावत्या गायब! व्हेअर काढला तर एकाची १२ क्विंटल तूर रिपोर्टात ३६ दिसली, कारण यादीत पिंपळगाव तीन तालुक्यांत आहे. याच आकड्यांवरून पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) निघते, शेतकरी समोर उभा असतो. दोन रात्री याच्यातच गेल्या. कुणीतरी वाट दाखवा.

उत्तर:
भाऊ, अट व्हेअरमधून काढून ऑनमध्ये घ्या. तालुका नसलेल्या पावतीत प.तालुका नल (किंमतच नाही) किंवा रिकामा असतो, न जुळलेल्या ओळीत ग.तालुका नल असतो; दोन्हीकडे तुलना खरी ठरत नाही, म्हणून व्हेअर ती ओळ गाळतो आणि न जुळलेली पावतीही ठेवणारा लेफ्ट जॉइन नावापुरताच उरतो. लाइकच्या पुढे एवढंच जोडा:

अँड (प.तालुका इज नल ऑर प.तालुका = '' ऑर प.तालुका = ग.तालुका)

केस व्हेनही ऑनमध्ये चालतं, पण हे वाचायला सोपं. 'गावे'मध्ये एखादं नाव रिकामं नाही ना, तेही बघा. असेल तर पॅटर्न '%%' होतो आणि गाव लिहिलेल्या प्रत्येक पावतीला चिकटतो.

'पिंपळगाव बु.' ही पावती यादीतल्या 'पिंपळगाव'शीही जुळणार. त्यासाठी पावती क्रमांकावर पार्टिशन करून (म्हणजे प्रत्येक पावतीचा वेगळा गट) कॅर लेंग्थ(ग.नाव) उतरत्या क्रमानं लावा आणि रँक १ घ्या, म्हणजे सर्वांत लांब नाव जिंकेल. रो नंबर मुद्दाम सांगत नाही, तो बरोबरीच्या ओळींतूनही एकच पहिली ठरवतो. तालुका नसलेल्या नुसत्या 'पिंपळगाव'ला तीन ओळी रँक १ वर येतील, त्या वेगळ्या काढून मुनीमजींना विचारा. तिथं अंदाजानं गाव निवडू नका, एकाचा माल दुसऱ्या गावात जाईल.

धागाकर्ता:
जमलं! ३६ चे परत १२ झाले. एक मात्र सापडलं: यादीत 'बुद्रुक' आणि पावतीवर 'बु.' असेल, तर पावती गुपचूप साध्या पिंपळगावात जाते. जॉइनच्या आधी प.गाववर रिप्लेस लावून 'बु.'चं 'बुद्रुक' आणि 'खु.'चं 'खुर्द' करतोय. मनापासून आभार, भाऊ.