सुपरसॉ लीड सोलोवर भरदार, किक-बेससोबत मात्र पातळ

प्रश्न – ऑफबीट
ट्रान्स संगीतातल्या फेरी कॉर्स्टनचा 'सिस्टम एफ' नावाने आलेला 'आउट ऑफ द ब्लू' आणि टिएस्टोसोबतचा 'गुरिएला', दोन्ही 1999 चे. त्या वळणाचा सुपरसॉ लीड (मुख्य धून वाजवणारा सिंथचा आवाज) बनवतोय. 138 बीपीएम (मिनिटाला 138 बीट), ए मायनर, 7 व्हॉइस (एकत्र वाजणाऱ्या लाटा), डिट्यून (त्यांच्या सुरांतलं अंतर) बराच वर, रिव्हर्ब (घुमणारी शेपटी) थेट लीडवरच 40 टक्के. किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस आले की लीड मागे जातो, मोनोत तर जवळपास गायब. ईक्यूने (ठरावीक पट्ट्या कमी-जास्त करून) उचलला की कानाला टोचतो. चूक कुठे होतेय?

सातसॉ
आधी डिट्यून खाली आण. सुपरसॉ आला 1996 च्या रोलँड जेपी-8000 मधून: सात सॉ (करवतीच्या दातांच्या आकाराच्या लाटा), एक नेमक्या सुरावर, बाकी सहा त्याच्या वर-खाली सरकवलेले. मधला सूर धरतो, बाजूचे रुंदी देतात. बाजूचे डोईजड झाले की सूरच विस्कटतो, मग ईक्यू कितीही फिरव.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे त्या सिंथमध्ये सुराबरोबर सरकणारा हाय-पास फिल्टर होता, मूळ सुराखालचा गाळ तिथेच कापला जायचा. तुझ्या सिंथमध्ये तो नसेल तर हाय-पास लाव, की-ट्रॅकिंग (सुरामागे सरकणं) पूर्ण, कटऑफ (कापण्याची सीमा) मूळ सुराजवळ. फेज रिट्रिगर (दर सुराला लाट नव्याने सुरू करणं) बंद ठेव, नाहीतर सातही लाटा दर वेळी एकाच जागेवरून निघतात आणि प्रत्येक सुराला तोच 'टच्' ऐकू येतो.

स्टिरिओ वायडनर लावलायस का? एका बाजूची फेज उलटवून रुंदी देणारे प्लगइन मोनोत स्वतःलाच खोडतात. तो काढ आणि खाली एकच सॉ, पूर्ण मोनो, साधारण 8 डीबी कमी ठेव. मोनोत लीडचा कणा तोच.

किकशेपूट
रिव्हर्ब सेंडवर (वेगळ्या चॅनेलवर) घे. 138 ला एक बीट 435 मिलिसेकंद, सोळावा भाग 109. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा थांबा) 27 ठेवला की सुराची सुरुवात कोरडी, स्पष्ट राहते. रिव्हर्बमध्ये 300 हर्ट्झखालचं सगळं काप. डॉटेड आठव्याचा (दीडपट आठव्या भागाचा) डिले हवा असेल तर 326.

साइडचेन (किक वाजली की आवाज आपोआप दाबणं) लीडइतकाच रिव्हर्बच्या रिटर्नवरही (त्या वेगळ्या चॅनेलवर) लाव. लीड दबतो पण त्याची शेपटी किकवर पसरून राहते, गढूळपणा तिथून येतो. आणि किकची लांबी मोज. बेस किकनंतरच्या तीन सोळाव्यांवर असेल तर 109 पेक्षा लांब किक पहिल्या बेस-सुरावर चढते. तळाशी ही मारामारी चालू असली की लीडला जागा कितीही दे, पुरत नाही.

ऑफबीट
वायडनर होताच. काढल्यावर मोनोत लीड उभा राहिला. किक 140 मिलिसेकंद होती, 100 वर आणली, बेस लगेच मोकळा झाला. आता ब्रेकडाउननंतरचा (किक नसलेल्या शांत भागानंतरचा) ड्रॉप, म्हणजे सगळं परत येतं तो क्षण, फिका वाटतोय.

सातसॉ
ब्रेकडाउनमध्येच लीड पूर्ण उघडला असशील, मग ड्रॉपला नवीन काही उरत नाही. शेवटच्या 16 बारमध्ये, म्हणजे जेमतेम 28 सेकंदांत, लीडच्या लो-पास फिल्टरचा (वरचा भाग कापणाऱ्या) कटऑफ हळूहळू वर ने, पण शेवटचा थोडा भाग ड्रॉपसाठी राखून ठेव. वरच्या सप्तकातला जोडसूर, मोनो लेयर आणि बेस तिघे ड्रॉपलाच येऊ देत. शेवटच्या बीटला सगळं बंद, रिव्हर्बसुद्धा. ती 435 मिलिसेकंदांची शांतता नीट कापलेली हवी. शेपटी उरली तर किकचा धक्का बसत नाही.