मुलीसाठी वेगळे, पण मूळ ठाऊक असलेले नाव: सल्ला हवा

प्रश्न

मुलीसाठी सहसा कानावर न पडणारे नाव शोधत आहोत. ते दोन किंवा तीन अक्षरी असावे, उच्चाराला अवघड नसावे आणि मुख्य म्हणजे ते कोठून आले व त्याचा अर्थ काय, हे कोणी विचारले तर खात्रीने सांगता यावे, एवढीच अपेक्षा आहे. इरा, कियारा आणि अनाया ही तीन नावे सध्या मनात आहेत. परंतु नावांच्या याद्यांमध्ये त्यांचे इतके वेगवेगळे अर्थ आढळतात की कशावर विश्वास ठेवावा, हे समजेनासे झाले आहे. जाणकारांनी या तिन्ही नावांविषयी मत द्यावे आणि आणखी काही नावे सुचवावीत, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

याद्यांमधला घोळ बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो. उच्चार सारखा असला की निरनिराळ्या भाषांतली नावे एकाच ओळीत बसवली जातात आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळतात.

इरा या नावाचा ‘जागरूक’ हा अर्थ अनेक ठिकाणी दिलेला असतो. तो हिब्रू भाषेतल्या इरा या नावाचा आहे आणि ते नाव मुळात पुरुषाचे आहे. संस्कृतातील इरा स्वतंत्र आहे. ऋग्वेदात हा शब्द तृप्त करणाऱ्या पेयासाठी येतो, तर अमरकोशात त्याचे भूमी, वाणी, सुरा आणि पाणी असे चार अर्थ दिले आहेत. त्यांत मद्यही आहे म्हणून कोणी नाक मुरडेल. परंतु भूमी, वाणी आणि पाणी या तिघांना दोन अक्षरांत सामावून घेणारा इतका जुना शब्द केवळ तेवढ्यासाठी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जलयुक्त या अर्थाचे इरावती हे नावही याच शब्दापासून झाले आहे.

कियाराच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. इटालियन नाव लॅटिन ‘क्लारुस’पासून आले असून त्याचा अर्थ तेजस्वी, स्वच्छ असा होतो. आयरिश भाषेत मात्र जवळजवळ तशाच अक्षरांनी लिहिले जाणारे एक नाव आहे, त्याचा उच्चार ‘कीरा’च्या जवळ जातो आणि अर्थ काळी, सावळी असा आहे. दोन्ही नावे चांगलीच आहेत, फक्त आपण कोणते ठेवत आहोत हे ठरवून ठेवावे.

अनायाचे संस्कृत मूळ सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. संस्कृतात नय म्हणजे नीती आणि अनय म्हणजे तिचा अभाव, दुर्वर्तन. त्यातून हवा तसा शुभ अर्थ निघत नाही. अरबीतील ‘इनाया’ म्हणजे आस्थेने घेतलेली काळजी. तोच अर्थ आवडला असेल, तर नावही सरळ इनाया असे ठेवावे.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. वेगळ्या नावांसाठी ऋग्वेदातील ऋषिकांकडे जरूर पाहावे. दहाव्या मंडलातील ३९ आणि ४० ही अश्विनीकुमारांची सूक्ते घोषेच्या नावावर आहेत, आणि घोषा हे दोनच अक्षरांचे, खणखणीत नाव आजही क्वचितच ऐकू येते. पाचव्या मंडलातील २८वे सूक्त विश्ववारेचे आहे. सर्व वरणीय गोष्टी जिच्यापाशी आहेत ती विश्ववारा, असा त्याचा अर्थ लावता येतो. मात्र आपल्या अक्षरमर्यादेत ते बसत नाही. जुने आहे म्हणून प्रत्येक नाव घ्यावे असे नाही, कारण रोमशा म्हणजे अंगावर दाट केस असलेली आणि अपाला या शब्दातून पालनकर्ता नसलेली असा अर्थ निघतो.

तिसरा प्रतिसाद

आकाशातील नावे राहून गेली. कृत्तिका या तारकापुंजाने वेगवेगळ्या भाषांना मुलींची नावे दिली आहेत: आपल्याकडे कृत्तिका, अरबीत सुरैया, फारसीत परवीन, आणि ग्रीक पुराणकथांत याच पुंजातील सात बहिणींपैकी थोरलीचे नाव माया. त्यामुळे माया हे नाव ठेवले, तर संस्कृत आणि ग्रीक अशी दोन स्वतंत्र मुळे सांगता येतात. विशाखा नक्षत्राचे दुसरे नाव राधा आहे आणि तिच्या मागून येते ती अनुराधा, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

पाली परंपरेतून मी एकच नाव सुचवेन, ते म्हणजे खेमा. बुद्धांच्या भिक्खुणी संघातील दोन अग्रशिष्यांपैकी ती एक. दुसरी उप्पलवण्णा, म्हणजे कमळाच्या वर्णाची. खेमाचे संस्कृत रूप क्षेमा असून कुशल, सुरक्षितता, निर्भयता असा त्याचा अर्थ आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कियारा आणि अनाया आम्ही बाजूला ठेवली आहेत. इरा आणि क्षेमा यांत अजून निवड व्हायची आहे, त्यातही क्षेमाचा अर्थ घरात सर्वांना फार आवडला. ‘क्ष’चा उच्चार इतर भाषिकांना जमेल का, एवढीच शंका आहे.

तिसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

शंका रास्त आहे. रोमन लिपीत ‘क्ष’साठी तीन अक्षरे लागतात आणि ती सवय नसलेले लोक मध्ये एक स्वर घालून ‘कशेमा’ असे काहीतरी म्हणतात. खेमा या रूपात ती अडचण राहत नाही आणि अर्थही तोच राहतो. कोणतेही रूप निवडले, तरी जन्मदाखल्यापासून सगळीकडे एकच ठेवावे आणि रोमन वर्णलेखनही तेव्हाच ठरवून घ्यावे. नंतर दोन कागदांवर दोन रूपे पडली की ती जुळवून घेताना फार त्रास होतो.