मदत हवी आहे: वारीतल्या विसाव्यांचं ॲप अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायचंय

नमस्कार मंडळी,

आमची दिंडी आळंदीहून माउलींच्या पालखीसोबत चालते. तीन वर्षांपूर्वी मी दिंडीसाठी कॉट्लिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटं अँड्रॉइड ॲप लिहिलं. काम एवढंच, की वारकरी आमच्या विसाव्याजवळ, टँकरच्या ठरलेल्या जागेजवळ किंवा मुक्कामाच्या तंबूजवळ आला की फोन बोलतो, "माउली, जेवणाची जागा डाव्या हाताला, शाळेच्या मागे." गर्दीत नेट चालत नाही, म्हणून जागा आणि नकाशा फोनमध्येच ठेवलेत. आळंदी ते वाखरी मिळून 64 जागा आहेत. प्रत्येकीभोवती 150 मीटरचं जिओफेन्स, म्हणजे नकाशावरची अदृश्य हद्द, घातलंय. अँड्रॉइडवर एका ॲपला 100 चालतात, त्यामुळे कधी अडलं नाही. फोन बंद होऊन चालू झाला की ती पुन्हा नोंदवावी लागतात, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

गेल्या वर्षी चांदोबाच्या लिंबाला रिंगण झाल्यावर आमच्या एक आजी चुकल्या. त्यांच्याकडे नातवाचा जुना आयफोन होता आणि त्यावर आमचं ॲपच नव्हतं. तरडगावच्या पुढे दिवेलागणीला सापडल्या. दुसऱ्या दिंडीने त्यांना चहा देऊन बसवून ठेवलं होतं. ते तीन तास मी विसरू शकत नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानाआधी आयफोनचं ॲप झालंच पाहिजे.

आता अडलंय ते सांगतो. आयओएसवर, म्हणजे आयफोनच्या प्रणालीवर, एका ॲपला फक्त 20 जागांवर लक्ष ठेवता येतं. माझ्या 64 आहेत. जीपीएस सतत चालू ठेवला तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल, आणि मुक्कामी चार्जिंगला रांग लागते. दुसरं म्हणजे, सगळं फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनची ॲप करणारं साधन) नव्याने लिहू की आयफोनपुरतं स्विफ्टमध्ये (ॲपलची भाषा) वेगळं करू? मी एकटाच आहे आणि नोकरी सांभाळून करतोय.

टाळकरी:
राम कृष्ण हरी. सगळं नव्याने लिहू नका. फ्लटर घेतलं तरी जिओफेन्सचा भाग दोन्हीकडे वेगळाच राहतो, वरून प्लगइनचं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार तुकड्याचं, झाकण येतं इतकंच. ते बिघडलं की ऐन वारीत दुसऱ्याचा कोड वाचत बसाल. तुमचं कॉट्लिन आहेच, तर जागांची यादी, अंतराचा हिशोब आणि कोणती सूचना कधी बोलायची हे कॉट्लिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये काढा, म्हणजे तोच कोड दोन्ही फोनवर चालेल. ते 2023 पासून स्थिर आहे. पडदे (स्क्रीन) आणि लोकेशन स्विफ्टमध्ये लिहा. तुमच्या ॲपला पडदे असून असणार किती!

20 च्या मर्यादेला जुना उपाय आहे. जवळच्या 19 जागा नोंदवायच्या आणि 20 वं एक मोठं वर्तुळ वारकऱ्याच्या सध्याच्या जागेभोवती घालायचं, दोनेक किलोमीटरचं. तो त्यातून बाहेर पडला की आयओएस ॲपला जागं करतं. तेवढ्यात पुढच्या 19 नोंदवून घ्यायच्या. जीपीएस सतत लागत नाही.

धागाकर्ता:
हे फारच कामाचं आहे, मनापासून आभार. एक शंका आहे. वारीचा रस्ता ठरलेला, मग वर्तुळाऐवजी जागा क्रमानेच पुढे सरकवल्या तर?

टाळकरी:
नको. कुणी सासवडला घरी जाऊन थेट लोणंदला गाडीने येतो. क्रम धरला तर त्याचा फोन जेजुरीचीच वाट बघत बसेल. अंतरच धरा.

नीराकाठ:
परवानगीकडे नीट बघा, खरी गोची तिथे होते. आयओएस 13 पासून 'नेहमी' ही परवानगी एका झटक्यात मिळत नाही. आधी 'ॲप वापरताना' मिळते आणि नंतर फोन स्वतःच्या वेळेने पुन्हा विचारतो. आयओएस 14 पासून 'अचूक स्थान' हे वेगळं बटण आलंय. ते बंद असेल तर जिओफेन्स चालतच नाही आणि फोन तसं सांगतही नाही. ॲप उघडलं की आधी हे तपासा आणि मोठ्या अक्षरांत मराठीत दाखवा. मी तर म्हणेन, आळंदीला प्रस्थानाआधी एक टेबल टाकून प्रत्येकाचा फोन हातात घेऊन बघा.

आणि हद्द ओलांडली की लगेच सूचना येईल असं धरू नका. माणूस आत स्थिरावलाय याची खात्री करायला आयओएस थोडं थांबतं. 150 मीटर कमी पडतील, 250 करून बघा.

धागाकर्ता:
रविवारी दिवेघाट चालून आलो. मित्राचा आयफोन होता, ॲपचा कच्चा सांगाडा. 150 वर घाटमाथ्याची जागा आम्ही पार करून गेल्यावर बोलली. 250 वर वेळेत बोलली. वर्तुळ बदलून पुढच्या जागाही आपोआप नोंदल्या गेल्या, फोन खिशातच होता! सासवडपर्यंत बॅटरी फारशी उतरली नाही. घरी एक्सकोडमध्ये (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) रस्त्याची जीपीएक्स फाइल घालून उरलेला रस्ता तपासतोय.

आता एकच उरलंय. आजींनी त्यांचा फोन तपासायला आणून दिलाय. तो आयफोन सिक्स एस आहे, आयओएस 15 च्या पुढे जात नाही.

नीराकाठ:
मग किमान आवृत्ती 15 ठेवा. जागांवर लक्ष ठेवायला ॲपलचं नवं सीएलमॉनिटर वापरत असाल तर ते काढा, त्याला आयओएस 17 लागतं. जुन्या लोकेशन मॅनेजरनेच जागा नोंदवा, तो आजही चालतो. टेस्टफ्लाइटने (ॲपलची चाचणीची ॲप वाटायची सोय) वाटणार असाल तर चढवलेली प्रत 90 दिवसांत संपते. आत्ता चढवलेली ऐन वारीत बंद पडेल, शेवटची ज्येष्ठातच चढवा.

धागाकर्ता:
17 चंच वापरलं होतं. आज रात्री बदलतो आणि आजींच्या फोनवर टाकून बघतो.